मागच्या सीटवरचा दांडा

हे माझ्या बायकोला माहीत नाही, मुलालाही नाही. देवळात उभं राहून देवाला सांगायचा प्रयत्न केला होता, तोही पुरा झाला नाही — अर्ध्यावर आलो की बाहेर काढलेल्या चपला आठवतात, घरी न्यायची फुलं आठवतात. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखत असतात तर सांगितलं असतं का? नसतं. एवढं सुरुवातीलाच खरं बोलून टाकतो, म्हणजे पुढे जिभेला जरा सवय होईल.

आधी अनंताबद्दल सांगायला हवं. अनंत आणि मी लालबागच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलो. दोघांचेही वडील गिरणीत, दोघांचीही गावं मालवणकडची. तो धडपड्या, मी सालस. शाळेत मास्तर मला सालसच म्हणायचे — भित्र्या मुलाला तोंडावर दुसरं काय म्हणणार? पुढे तो इंजिनीअर झाला आणि मी एका विमा कंपनीत क्लेमच्या खात्यात चिकटलो. लोकांनी सांगितलेल्या हकिगतींत खोटं कुठे आहे ते हुडकायचं, यासाठी मला पगार मिळायचा. हसा, खुशाल हसा.

पन्नाशीला आलेले लोक मॉर्निंग वॉकला लागतात, नाहीतर शुगर तपासतात. अनंताने विमान चालवायचं लायसन्स काढलं. घाटापलीकडे एक लहानशी धावपट्टी आहे. तिथल्या क्लबातल्या काही जणांबरोबर भागीदारीत त्याने एक जुनं, दोन सीटचं विमान घेतलं. विमान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं ते नव्हे. स्कूटरवर बसतात तशी माणसं एकामागे एक बसायची, चालवणारा पुढे आणि पाहुणा मागे. फोटो बघून माझी आई म्हणाली होती, ‘ह्येच्यार कावळो बसलो तर खाली येतला.’

अशा विमानात मागच्या माणसासाठीही एक दांडा असतो. चालवणाऱ्याच्या हातातल्या दांड्याशी तो आतून जोडलेला असतो, त्यामुळे विमान दोघांचंही ऐकतं. पण पाहुण्याच्या गुडघ्यांमध्ये तो अडचण करतो, आणि पाहुणा घाबरट निघाला तर नको तेव्हा त्यालाच लटकतो. म्हणून पुष्कळ जण तो काढूनच ठेवतात. अनंताला हे पटायचं नाही. ‘मला वर काय झालं तर मागच्याने काय भजनं म्हणायची?’ असं तो विचारायचा. त्याने सीटच्या उजव्या बाजूला एक पकड बसवून दांडा तिथे अडकवला होता. वेळ आली तर ओढून काढायचा, पायांमधल्या खोबणीत घालायचा, पिळायचा. टक् झालं की बसला.

आणि शिकल्याशिवाय तो कुणाला वर न्यायचा नाही. शिकवणी कुठे, तर आमच्या चाळीच्या गॅलरीत! एकामागे एक दोन खुर्च्या मांडायच्या. पुढच्या खुर्चीवर अनंत, मागच्या खुर्चीवर पाहुणा, आणि पाहुण्याच्या हातात अनंताच्या बायकोचं, माधवी वहिनींचं, लाटणं. अनंत एकदम मान टाकायचा — मेल्याचं सोंग तो फार छान करायचा — आणि मग मागच्याची परीक्षा. बहुतेक सगळे पहिल्याच झटक्याला लाटणं खेचायचे आणि नापास व्हायचे. कारण अनंताचा पहिला धडा होता, ‘काही करू नकोस.’ विमान नीट जुळवून सोडलं असेल तर आपलं आपण सरळ जातं. आधी श्वास घ्यायचा, पुढच्याला हाक मारायची. मग सावकाश दांडा बसवायचा, आणि लागलाच तर हलक्या हाताने, पोळी लाटतो तसा वापरायचा. आतून वहिनी ओरडायच्या, ‘अहो, तुमचं विमान उतरलं असेल तर माझं लाटणं द्या!’

वहिनी नायगावच्या एका शाळेत शिकवायच्या. त्यांना उंचीची भयंकर भीती. गच्चीत पापड वाळत घालतानाही कठड्यापासून हातभर लांब उभ्या राहायच्या. विमानात बसायचं नाव काढलं की दोन्ही कानांना हात लावायच्या. हे लक्षात ठेवा.

मी मात्र परीक्षेत पहिल्याच फटक्यात पास झालो होतो. मी हाललोच नाही! अनंताने पाठ थोपटली आणि म्हणाला, ‘सगळ्यात थंड डोक्याचा माणूस.’

आता त्या सकाळचं सांगतो. थंडीचे दिवस होते, रविवार होता. खाली शेतं होती, एक धरण होतं, पाण्यावर ऊन पडलेलं — आणि हे बघा, सांगायला बसलो तरी अजून देखावाच दाखवतोय. अनंत माझ्याशी बोलत होता. कानाला लावलेल्या यंत्रातून त्याचा आवाज येत होता, गावच्या घराच्या कौलांबद्दल काहीतरी. बोलता बोलता थांबला. त्याची मान डाव्या खांद्यावर गेली. मला वाटलं, खाली काहीतरी बघतोय. मग मान तशीच राहिली, आणि त्याचा हात मांडीवरून घसरून बाजूला लोंबायला लागला.

मी काय केलं?

मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसलो. डोळे मिटले. गावच्या रवळनाथाला हाक मारली, वारलेल्या बाबांना मारली, सगळ्यांना मारली. अनंताला मारली नाही. हाक मारली आणि त्याने ओ दिली नाही तर? त्यापेक्षा न मारलेली बरी, असं वाटलं. दांडा माझ्या उजव्या हाताशी होता, वीतभर लांब. मी त्याला बोटसुद्धा लावलं नाही. ‘काही करू नकोस’ हा धडा पाळत होतो असं समजू नका. धडाबिडा काही आठवत नव्हता. बालवाडीच्या पहिल्या दिवशी दाराशी उकिडवं बसून राहिलेलं पोर बघितलंय ना तुम्ही? पन्नाशीतला, पेन्शनची स्वप्नं बघणारा माणूस तसा बसला होता.

विमान आपलं सरळ जात राहिलं.

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. डोळे किलकिले केले तेव्हा अनंताची मान हलत होती. आणि मग — इथपर्यंतचं मी कधीतरी कुणाला सांगूही शकलो असतो, माणूस घाबरतो, त्यात काय — पण मग मी जे केलं ते भीतीने केलेलं नव्हतं. त्याची मान हलतेय, तो शुद्धीवर येतोय, आता तो मागे वळून बघणार, हे कळल्याबरोबर मी हात मांड्यांखालून काढले, दांडा पकडीतून ओढला, खोबणीत घातला, पिळला, आणि दोन्ही मुठींनी घट्ट धरून बसलो. एवढे चपळ हात माझे आयुष्यात कधी झाले नव्हते. इंजिनाच्या आवाजात टक् ऐकूही आलं नाही.

तोंडाने मी नंतर पुष्कळ खोटं बोललो. पण पहिलं खोटं माझे हात बोलले.

अनंत सावरला. घामाघूम झाला होता, पण विमान त्याने नीट उतरवलं. खाली उतरल्यावर मागच्या सीटवर बसवलेला दांडा बघितला आणि मला मिठी मारली. रडला. म्हणाला, ‘सुऱ्या, धरलंस रे तू!’ मी काही बोललो नाही. तेवढ्यावर राहिलं असतं तर ते नुसतं गप्प बसणं ठरलं असतं. पण अनंत इंजिनीअर, आणि इंजिनीअरला मिठीत समाधान नसतं. त्याने विचारलं, नाक खाली गेलं होतं का? कधी धरलंस? जड लागलं?

हकिगत खरी वाटायची असेल तर तिच्यात एखादा बारकावा लागतो, हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक असणार? लोक मला तेच तर सांगायला यायचे. मी म्हणालो, ‘तू पुढच्या दांड्यावर पडलास. नाक खाली गेलं. मी लगेच धरला आणि सगळा जोर लावून मागे ओढला. तुझं वजन होतं ना त्यावर, जाम जड लागलं.’ त्याला काही आठवत नव्हतं. मी सांगितलं तेच त्याच्यासाठी घडलं.

घरी आल्यावर वहिनींनी मला पाटावर बसवून ओवाळलं. माझ्या कपाळाला कुंकू लावलं. ‘भाऊजी, माझं कुंकू राखलंत,’ म्हणाल्या. त्या दिवशी त्यांच्याकडे वडे-सागोती होती. मी तीनदा वाढून घेतली. लाज वाटली नाही का? वाटली. पण भूकही लागली होती, हे खरं.

आता तुम्ही म्हणाल, खोटं बोललास, पण त्यात कुणाचं काय बिघडलं? मीही बरेच दिवस असंच म्हणत होतो.

वहिनींना अनंताचं उडणं बंद करायचं होतं. तो परळच्या एका डॉक्टरकडे जाऊन आला. उपाशीपोटी चक्कर आली एवढंच त्याने तिथे सांगितलं, विमानाचं नावही काढलं नाही. लायसन्स जाईल ही भीती. मला हे माहीत होतं. वहिनींनी एका संध्याकाळी मला गॅलरीत गाठलं आणि सरळ विचारलं, ‘भाऊजी, हे म्हणतात मागे माणूस असला की काळजी नाही. तुम्ही अनुभव घेतलाय. खरंच जमतं का हो मागच्याला?’

त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. मी ‘नाही’ म्हणालो असतो तर त्यांनी ते विमान अनंताला विकायला लावलं असतं. घर डोक्यावर घेतलं असतं, पण लावलंच असतं. त्या क्षणी मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं, कारणही द्यायची गरज नव्हती. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं जमलं?

मी म्हणालो, ‘जमतं.’

‘मग ह्यापुढे मागे मीच बसणार,’ वहिनी म्हणाल्या. गच्चीच्या कठड्याजवळ न जाणारी ती बाई, तिने हे ठरवलं. नवऱ्याला उडणं सोडवत नाही तर निदान त्याच्या पाठीशी आपण असावं म्हणून.

त्यानंतर अनंताने दोन गोष्टी बदलल्या. बदलल्या म्हणजे काय, मी बदलायला लावल्या. त्याची आजवर अशी समजूत होती की चालवणारा बेशुद्ध पडला तरी विमान सरळ जाईल, म्हणून पहिला धडा ‘काही करू नकोस’ हा होता. पण माझ्या हकिगतीप्रमाणे बेशुद्ध माणूस दांड्यावर कोसळतो आणि नाक खाली जातं. तेव्हा त्याने तो धडा काढून टाकला. नवा धडा होता, ‘मान पडली की लगेच धर आणि ओढ.’ दुसरं म्हणजे, पुरुषाला जड गेलं तर बाईला किती जाईल, या विचाराने त्याने मागचा दांडा लांब करून घेतला. दांडा जितका लांब तितका जोर कमी पुरतो, हे विहिरीवर पाणी काढणाऱ्यालाही कळतं. अनंताचा हिशेब चोख होता. फक्त त्याला दिलेली माहिती माझी होती.

आणि शिकवणी. पुन्हा दोन खुर्च्या, पुन्हा लाटणं, आणि या वेळी परीक्षक म्हणून मी, अनुभवी माणूस ना! अनंत मान टाकायचा, वहिनी लाटणं ओढायच्या. हलक्या हाताने ओढायच्या, त्यांचा स्वभावच तसा. मी पुढे झालो. लाटण्यावरच्या त्यांच्या मुठींवर स्वतःच्या मुठी ठेवल्या आणि म्हणालो, ‘अजून जोरात, वहिनी. सगळा जोर लावा. आणि सोडायचा नाही, काही झालं तरी सोडायचा नाही.’ हे मी शिकवलं. ज्याने कधी दांडा धरलाच नव्हता, त्याने.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते मी बघितलेलं नाही. वर्षभरात केव्हातरी, परत येताना, अनंताला पुन्हा तसंच झालं. वहिनींनी मला सगळं सांगितलं ते इस्पितळात. कंबर मोडली होती, आडव्याच होत्या. ह्यांची मान डाव्या खांद्यावर पडली, म्हणाल्या. मी लगेच दांडा बसवला, तुम्ही शिकवलं तसा सगळा जोर लावून ओढला. ह्यांचं वजन नव्हतंच हो त्यावर. विमान एकदम नाक वर करून उभं राहिलं आणि मग एका बाजूला कोसळायला लागलं. मी घाबरले आणि माझ्या हातातून दांडा सुटला. सुटल्यावर ते थोडं सरळ व्हायला लागलं होतं — पण तोवर खाली ज्वारीचं शेत आलं होतं.

अनंत जागीच गेला. आधी हृदय बंद पडलं की आपटल्यामुळे गेला, ते डॉक्टरांनाही छातीठोक सांगता आलं नाही.

वहिनी बोलत होत्या आणि मी स्टुलावर बसून ऐकत होतो. मला सगळं कळत होतं. विमान सरळ जात होतं. माझ्या वेळी गेलं तसंच. त्यांनी हात मांड्यांखाली घातले असते तर अनंत कदाचित तसाच मान हलवून उठला असता. कदाचित नसता उठला. पण त्या दोघांना हवी असलेली नेमकी गोष्ट जगात एका माणसाला ठाऊक होती. आणि त्या माणसाने ती स्वतःची लाज झाकायला वापरली होती.

‘मी सोडला हो दांडा,’ वहिनी म्हणाल्या. ‘तुम्ही सोडला नव्हतात.’

त्याच वेळी सांगायला हवं होतं, नाही का? मी म्हणालो, ‘नशीब असतं, वहिनी.’ चौकशीला माणसं आली, त्यांनाही मी पहिलीच हकिगत सांगितली. तोवर ती मला पाठ झाली होती.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. चाळ पाडली, टॉवर झाला. आम्ही वेगवेगळ्या मजल्यांवर राहायला गेलो. वहिनी लंगडत चालायच्या. पोळ्या करणं त्यांनी सोडून दिलं होतं, भाकरी थापायच्या. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, पचत नाहीत. दर दिवाळीत भाऊबिजेला मला ओवाळायच्या, कारण त्यांना सख्खा भाऊ नव्हता. ओवाळताना एखाद्या वर्षी एकदम थांबायच्या, माझ्या हातांकडे बघायच्या आणि मग पुन्हा ताट फिरवायच्या. मी हात मागे घ्यायचो नाही. काय म्हणून घेणार? अनंताच्या वर्षश्राद्धाला नातेवाईक जमले की वहिनी स्वतःच सांगायच्या, एकदा भाऊजींनी वाचवलं होतं त्यांना, दुसऱ्यांदा माझी पाळी होती, मला जमलं नाही. लोक हळहळायचे. मी मान खाली घालायचो, आणि सगळ्यांना तो माझा विनय वाटायचा.

गेल्या वर्षी त्या आजारी पडल्या. परळच्या इस्पितळात होत्या, घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. मी रोज दुपारी पेज घेऊन जायचो. बायको म्हणायची, सख्ख्या भावाने केलं नसतं एवढं करताय. त्या दिवशी त्यांना जरा हुशारी होती. दोन चमचे पेज घेतली आणि म्हणाल्या, ‘भाऊजी, एक विचारू? इतक्या वर्षांत विचारलं नाही.’

‘विचारा ना.’

‘त्या दिवशी विमानात... तुम्हाला एकदा तरी सोडावासा वाटला होता का दांडा?’

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नर्स बाहेर होती, शेजारची कॉट रिकामी होती. मला घाई नव्हती, कुणी चौकशी करत नव्हतं, लायसन्स कुणाचं जाणार नव्हतं. विचार करायला भरपूर वेळ होता आणि मी विचार केला. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आणि तेवढा धीर नसेल तर नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेही खोटंच ठरलं असतं, पण निदान त्या खोट्याने त्यांच्या मनावरचं ओझं थोडं हलकं झालं असतं.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘एकदाही नाही.’

त्यांनी मान हलवली. ‘तेच तर,’ म्हणाल्या. मग पेज नको म्हणाल्या आणि भिंतीकडे कूस वळवली. मी वाटी धुतली, डबा पिशवीत ठेवला आणि घरी आलो. त्या आठवड्यात वहिनी गेल्या, आपलेच हात कमी पडले असं मानून गेल्या.